मेळघाटात दुधाच्या बाटल्या पाठवू नका

अमरावती, अकोला, नागपूर, पुणे, मुंबई, जिथं कुठं या दिवसांत मेळघाटसाठी मदतीची खोकी भरली जात असतील, तिथल्या सगळ्यांना धारणीकडून हात जोडून विनंती आहे. खोक्याला चिकटपट्टी लावण्याआधी आत काय आहे ते पाहा. तान्ह्या लेकरांना दूध पाजायच्या बाटल्या, निप्पल, दुधाच्या पावडरचे डबे त्यात असतील तर ते बाहेर काढा. कपडे, चादरी, साबण, धान्य राहू द्या. बाटली आणि डबा तेवढा येऊ देऊ नका.

देणाऱ्याच्या मनात मायाच असते, हे कुणी नाकारत नाही. कुपोषणाची बातमी वाचली, बरगड्या दिसणाऱ्या लेकराचा फोटो पाहिला की दूध पाठवावंसं वाटणं अगदी साहजिक आहे. पण जून ते सप्टेंबर हे चार महिने मेळघाटात लेकरांसाठी वर्षातले सगळ्यांत वाईट असतात. १९९३च्या बालमृत्यूंनी धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांची नावं देशभर गेली, मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाल्या, योजना आल्या, आणि तरीही दर पावसाळ्यात इथले डॉक्टर आणि आशाताई धास्तावलेल्या असतात. अशा वेळी आलेली बाटली लेकराच्या पोटात दुधाबरोबर हगवणही घालते.

असं वाटप कायद्यालाही मान्य नाही, आणि हे बऱ्याच मंडळांना, क्लबांना, कंपन्यांच्या सामाजिक विभागांना ठाऊकच नसतं. अर्भकांच्या दुधाचे पर्याय, दूध पाजायच्या बाटल्या आणि शिशुआहार यांच्यावर नियंत्रण ठेवणारा कायदा आपल्या संसदेनं १९९२ साली केला. १ ऑगस्ट १९९३पासून तो लागू आहे आणि २००३मध्ये तो आणखी कडक झाला. या कायद्यानुसार दुधाची पावडर किंवा बाटली अनाथालय सोडून कुणालाही दान देता येत नाही, वाटता येत नाही. ज्या आईला पाजणं शक्यच नाही आणि विकत घेणंही परवडत नाही, तिला ते द्यायची मुभा आहे ती आई-बाळाच्या आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थेला. मोडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बॅनर लावून, फोटो काढून बाटल्या वाटणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावंच. शिक्षेची भीती घालण्यासाठी हे सांगत नाही. लेकरं मरताना पाहूनच हा कायदा करावा लागला, म्हणून सांगते आहे.

‘आम्ही तर बाटलीवरच वाढलो’ असं म्हणणारे शहरात पुष्कळ भेटतात. वाढले, खरं आहे. त्यांच्या घरात ओट्याजवळ नळ होता, गॅस होता, बाटली घासायचा ब्रश होता, पाळीपाळीनं वापरायला चार बाटल्या होत्या आणि आजारी पडलं तर दवाखाना जवळ होता. बाटली निभावते ती या सगळ्याच्या जोरावर. रंगुबेलीसारख्या गावात, किंवा डोंगराच्या पोटातल्या एखाद्या ढाण्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, यातलं काय आहे? पाणी विहिरीचं नाहीतर हातपंपाचं, पावसाळ्यात गढूळ. लाकूड ओलं. चुलीवर घरातल्या सगळ्यांची भाकर भाजून झाल्यावर बाटली बुडेल एवढं आधण ठेवायचं, ते दहा मिनिटं खळखळ उकळू द्यायचं, आणि हे दिवसातून आठ वेळा करायचं. कोणत्याही बाईला हे जमणार नाही. ते तिच्याकडून अपेक्षिणंच चूक आहे.

बाटलीची घडणही आईच्या विरुद्ध जाते. गळा अरुंद, तोंडाला आटे, निप्पलच्या आतल्या बाजूला दुमड. दुधाचा साय धरणारा पातळ थर त्या आट्यांत आणि दुमडीत बसतो आणि हात तिथवर पोचत नाही. उबदार दमट हवेत पोटाचे जंतू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. हिशेब करून पाहा: सकाळी सहाला निप्पलमध्ये राहिलेला एक जंतू दुपारी बाराला अडीच लाखांच्या वर गेलेला असेल. वरून पाहिलं तर बाटली स्वच्छ दिसते. म्हणूनच ती जास्त फसवी.

पावडरचं दुखणं वेगळं. डबा सीलबंद असला तरी आतली पावडर निर्जंतुक नसते. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे की ती किमान ७० अंश गरम पाण्यात कालवावी, निववून लगेच पाजावी आणि दोन तासांत उरलेली ओतून द्यावी. शिवाय डबा महाग. फुकट मिळालेला पहिला डबा संपेपर्यंत आईचं अंगावरचं दूध कमी झालेलं असतं, कारण लेकरू जितकं ओढेल तितकंच ते येतं. दुसरा डबा विकत आणावा लागतो. मग तो पुरवायला एका मापाच्या जागी अर्धं माप घातलं जातं. पांढरं पाणी पिऊन लेकराचं पोट भरल्यासारखं होतं, ते झोपतं आणि दिवसेंदिवस वाळत जातं. आईनं काटकसर केली, एवढीच तिची चूक.

पाण्याचं काय होतं ते २०२२च्या जुलैत सगळ्यांनी पाहिलं. चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत विहिरीचं दूषित पाणी पिऊन कॉलऱ्याची साथ आली. धडधाकट मोठी माणसं त्यात दगावली. त्याच पाण्यात पावडर कालवून तीन महिन्यांच्या लेकराला पाजायची कल्पना करून पाहा. आणि पोट बिघडलं, फुगलं की पुढं काय होतं हेही सांगायला हवं. तापलेल्या सळईनं लेकराच्या पोटावर चटके द्यायचे, हा ‘डंबा’ मेळघाटातून अजून पुरता गेलेला नाही. बाहेरचे लोक त्याला अंधश्रद्धा म्हणून नाकं मुरडतात. पण लेकरू रात्रभर कळवळत असतं, नदीला पूर असतो आणि भूमका, म्हणजे गावचा वैदू, शेजारच्या घरात असतो. डंबा थांबवायचा तर पोट फुगायचं कारणच घरात येऊ न देणं, हा पहिला उपाय.

ही गोष्ट मेळघाटापुरती नाही. युरोपात एकोणिसाव्या शतकात लांब रबरी नळीची काचेची दुधाची बाटली निघाली होती. लेकराच्या शेजारी ठेवली की ते आपलं आपण पीत राहायचं, आईचे हात मोकळे. त्या नळीच्या आत ब्रश जात नसे. इतकी लेकरं गेली की फ्रान्सनं १९१०मध्ये कायदा करून ती बंद केली. १९३९मध्ये डॉ. सिसिली विल्यम्स यांनी सिंगापूरच्या रोटरी क्लबात उभं राहून डबाबंद दुधाच्या खोट्या प्रचाराला खून म्हणायला कमी केलं नाही. पुढं १९८१च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेनं या दुधाच्या विक्रीवर आचारसंहिता केली, तेव्हा ११८ देश बाजूनं होते आणि विरोधात एकटी अमेरिका.

पण मदतीची खोकी भरणाऱ्यांनी खरं तर २००६ हे साल लक्षात ठेवावं. त्या वर्षाच्या सुरुवातीला आफ्रिकेतल्या बोत्स्वानात अतिवृष्टी झाली, पिण्याचं पाणी दूषित झालं आणि हगवणीची साथ आली. तिथं एचआयव्हीच्या भीतीनं सरकार आईच्या दुधाऐवजी पावडर फुकट देत होतं. शेकडो लेकरं गेली, आणि आजारी पडलेल्यांत बहुतेक जण आईच्या दुधावर नसलेले होते. त्याच वर्षी मे महिन्यात इंडोनेशियात योग्यकर्ताजवळ भूकंप झाला. जगभरातून दुधाचे डबे आले. ज्या घरांत दान आलेली पावडर पोचली, तिथल्या लेकरांत हगवणीचं प्रमाण इतरांच्या दुपटीच्या आसपास निघालं. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. मेळघाटातला पावसाळाही दर वर्षीची आपत्तीच असतो आणि आपण दर वर्षी तेच खोकं भरतो.

‘मग एकदाच वापरून टाकून द्यायची निर्जंतुक बाटलीच का बनवत नाही?’ हा प्रश्न तरुण मुलं विचारतात, विशेषतः अभियांत्रिकीची. प्रश्न मनापासूनचा असतो आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. इंग्लंड-अमेरिकेतल्या रुग्णालयांत अशा बाटल्या वापरतात. पाकीट फोडायचं, पाजायचं, कचऱ्यात टाकायचं. धुण्याची भानगडच नाही, म्हणजे जंतूंचं मूळच तोडलं. कागदावर याहून सरळ उपाय नाही.

आता धारणीचा हिशेब करू. तान्हं लेकरू दिवसातून कमीत कमी आठ वेळा पितं. महिन्याला २४० बाटल्या. सहा महिन्यांना १,४४० बाटल्या, एका लेकराच्या. एक बाटली दहा रुपयांना पडली असं धरलं तरी महिन्याचे २,४०० रुपये, आणि त्यात दूध धरलेलं नाही. हे पैसे मजुरीवर जगणाऱ्या घरातून येणार नाहीत. सरकारनं द्यायचे म्हटले तर त्याच पैशात बाळंतिणीला रोज दोन अंडी, शेंगदाणे, डाळ आणि पोटभर भाकर देता येईल, आणि दूध तिच्या अंगातच तयार होईल.

दुसरी अडचण पैशाहून मोठी आहे. एकदाच वापरायची म्हणून दिलेली वस्तू गरिबाच्या घरात एकदाच वापरली जात नाही. पाण्याची रिकामी बाटली आपण फेकतो, इथं ती वर्षभर शेतात नेतात. चांगली मजबूत, झाकणाची, आकडे छापलेली दुधाची बाटली कोणती आई पहिल्या घोटानंतर उकिरड्यावर टाकेल? ती विसळून पुन्हा भरेल. आणि ही बाटली उकळायला केलेलीच नसते, म्हणजे नेहमीच्या बाटलीहून ती वाईट. सुयांच्या बाबतीत जगानं हा धडा घेतला आहे. एकदाच वापरायच्या सुया पुन्हापुन्हा वापरल्या जाऊन कावीळ आणि एचआयव्ही पसरायला लागले, तेव्हा एका वापरानंतर आपोआप अडकून निकामी होणारी सिरिंज काढावी लागली, आणि १९९९मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी लसीकरणात तीच वापरायचं आवाहन केलं. ‘एकदाच वापरा’ असं पाकिटावर छापून भागत नाही, वस्तूच तशी असावी लागते.

तिसरं, हा व्याघ्र प्रकल्पाचा मुलूख आहे, १९७४पासूनचा. ढाण्यावर कचऱ्याची गाडी येत नाही. १,४४० बाटल्या चुलीत जळतील, नाहीतर पहिल्या पुरात नाल्यातून सिपना नदीत आणि तिथून तापीत जातील.

तरीही प्रश्न उरतोच, आणि तो टाळणं बरोबर नाही. काही लेकरांना आईच्या अंगावर पाजणं खरोखर शक्य नसतं. बाळंतपणात माय गेलेली असते. दिवस पुरे व्हायच्या आत जन्मलेल्या, दीड किलोच्या लेकराला ओढायची ताकद नसते. ओढणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास बसतो. कुणाचा ओठ-टाळू दुभंगलेला असतो. कुणाला धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयातून अमरावतीला हलवायचं असतं, हरिसाल, सेमाडोह, परतवाड्यावरून दीडशे किलोमीटरच्या आसपासचा घाटरस्ता, आणि वाटेत दोन-तीनदा तरी पाजावं लागतं. या लेकरांसाठी काय?

त्यांच्यासाठी आपल्या आज्या-पणज्यांकडे बोंडलं होतं. चोच असलेली छोटीशी वाटी, चांदीची, पितळेची, पुढं स्टीलची. दक्षिणेत तिला पलाडाई म्हणतात आणि आज मोठ्या शहरांतल्या नवजात अतिदक्षता विभागांत ती रोज वापरतात. आत कोपरा नाही, आटे नाहीत, नळी नाही. बोट सगळीकडे फिरतं. पिठलं झालेल्या पातेल्यातही ती उकळून निघते. साध्या वाटीनंसुद्धा काम होतं. लेकराला उभट धरायचं, वाटीची कड खालच्या ओठावर टेकवायची आणि थांबायचं. दूध तोंडात ओतायचं नाही. कमी दिवसांचं लेकरूही जीभ बाहेर काढून ते चाटून घेतं, मोठं असेल तर सुरकतं. वेळ लागतो. पण पाजणाऱ्याला लेकराला हातात घ्यावंच लागतं, उशीला बाटली टेकवून निघून जाता येत नाही, हा तिचा मोठा गुण. बाटलीपेक्षा वाटी बरी, हे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफही आपत्तीच्या काळासाठी ठामपणे सांगतात.

अमेरिकेतल्या सिएटलमधल्या डॉक्टरांनी आणि ‘पाथ’ या संस्थेनं असाच एक मऊ सिलिकॉनचा कप तयार केला. नाव निफ्टी कप. चाळीस मिलिलिटरचा, एका बाजूला पन्हळ काढलेली, जिथं थोडंसंच दूध साचतं आणि लेकरू आपल्या वेगानं पितं. कल्पना आपल्या बोंडल्यासारखीच. मग हे काम वऱ्हाडात का होऊ नये?

म्हणून अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, बडनेरा आणि शेगावची महाविद्यालयं, अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नागपूरची व्हीएनआयटी, इथल्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या सरांना माझं आवाहन आहे. बाटलीचा नाद सोडा, वाटी बनवा. दोन वाट्या बनवा.

पहिली घरची वाटी. रोज दहा मिनिटं उकळली, राखेनं घासली, चुलीच्या धुरात टांगली, तरी वर्षभर टिकली पाहिजे. कड जाड आणि गोल, ओठाला न लागणारी. आत कुठंही काटकोन नको. पाच-पाच मिलिलिटरच्या खुणा उठावाच्या असाव्यात, म्हणजे अंधारात बोटाला कळतील. झाकण हवंच, माशा आणि धूळ यांच्यासाठी. आकडा न वाचताही वापरता यायला हवी.

दुसरी प्रवासाची आणि रुग्णालयाची वाटी, एकदाच वापरायची. इथं ‘एकदाच’ला अर्थ आहे, कारण गरज आठ-दहा पाजण्यांची असते, हजाराची नाही. कागदाची किंवा उसाच्या चोयट्याची, प्लास्टिकचा थर नसलेली, वाफेनं निर्जंतुक करून पाकिटात बंद केलेली, आणि पाकीट फुटलं असेल तर लगेच दिसेल अशी. दूध तासभर नीट धरेल आणि त्यानंतर आपोआप मऊ पडून बसेल, म्हणजे दुसऱ्यांदा भरताच येणार नाही. सिरिंजचा धडा इथं लावायचा आहे. पळसाच्या पानाचा द्रोण सगळ्यांना आधी सुचतो. लग्नाच्या पंगतीला तो उत्तम. दीड किलोच्या लेकराच्या तोंडाला लावायला जंगलातून आणलेलं पान नको. पावसाळ्यात उपकेंद्राच्या कपाटात चार महिने ओल असते, उंदीर असतात, वाळवी असते. पाकीट त्यातून सुखरूप निघालं पाहिजे. किंमत कटिंग चहाच्या आत बसली तरच ती वाटी रुग्णवाहिकेत पोचेल.

तपासणी प्रयोगशाळेत करा, आणि ती प्रामाणिकपणे करा. दुधाची बाटली, स्टीलची वाटी, बोंडलं आणि तुमचा नमुना, चौघांत तेच दूध घाला. रात्रभर सुकू द्या. सकाळी एक तांब्या पाणी आणि चिमूट राख यांनी धुवा, जसं ढाण्यावर धुतील तसं, आणि मग आतून कापूस फिरवून जंतू मोजा. हे एका सत्रात होण्यासारखं आहे आणि त्यातून जे निघेल ते वऱ्हाडातल्या प्रत्येक अंगणवाडीत लावता येईल. नमुना लेकराच्या तोंडाला लावण्याआधी बालरोगतज्ज्ञ हवेत, वैद्यकीय महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची परवानगी हवी. मेळघाटातल्या कोरकू आदिवासींची लेकरं ही प्रयोगाची पहिली जागा नव्हे, हे कुणी विसरू नये.

आणि आशाताईंना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, शेवटी सही घेण्यापुरतं बोलावू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं न्यूमोनिया ओळखण्यासाठी वाळूचं घड्याळ आणि मणी यांचं श्वास मोजायचं साधन केलं, ते शंभरापर्यंत मोजता न येणाऱ्या सुईणीला वापरता यावं म्हणून. अशाच गावातल्या बायकांच्या हातून घरी जाऊन नवजात लेकरांची काळजी घेतली, तर त्यांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली येतात, हे त्यांनी १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जगाला दाखवलं. इथं बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी, उतावलीला डॉ. आशिष सातव यांच्या ‘महान’नं वर्षानुवर्षं काम केलं ते गावातल्या माणसांच्या भरवशावरच. तुमची वाटी त्यांच्या हातात बसली नाही तर ती कपाटातच राहील.

वाटीत दूध कोणतं, हेही ठरवावं लागेल. पहिली पसंती त्याच आईच्या हातानं काढलेल्या दुधाला. ते नसेल तर दुसऱ्या आईचं, तपासून पाश्चराइज केलेलं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली, ती याच कारणासाठी. वाटेवरच्या मोठ्या रुग्णालयांतून मेळघाटच्या लेकरांपर्यंत असं दूध पोचायची सोय व्हावी, यासाठी अमरावती जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी जोर लावावा. पावडर सगळ्यांत शेवटी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, माप दाखवून, वाटीनंच.

धारणीच्या बाजारातल्या कटलरीवाल्यांनाही सांगणं आहे. आयएसआयची खूण नसलेली बाटली ठेवू नका. तो गुन्हा आहे. मेडिकलवाल्यांनी आईनं डबा मागितला की आधी विचारावं, कुणी सांगितला? बऱ्याचदा कुणीच सांगितलेला नसतो. लेकरू रडतं म्हणजे दूध पुरत नाही, एवढ्यावरून सुरू झालेलं असतं. लेकरू दिवसातून सहा वेळा लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल तर दूध पुरतं आहे. अंगणवाडीत वजनकाटा आहे.

घरातल्यांसाठी थोडं. लेकराला हगवण लागली तर अंगावर पाजणं थांबवू नका, उलट जास्त वेळा पाजा. आशाताईकडून ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या घ्या. झिंक चौदा दिवस द्यायचं, हगवण थांबली तरी. डोळे खोल गेले, लेकरू पिईना, सुस्तावलं किंवा शौचात रक्त दिसलं तर १०८ला फोन करा, पाऊस थांबायची वाट पाहू नका. आणि घरात बाटली असेल तर ती आज फोडून टाका. दुसऱ्याला देऊ नका.

आता ज्यांना मदत करायचीच आहे त्यांच्यासाठी. झाकणाची स्टीलची वाटी आणि चमचा, दोन लिटरचं झाकणाचं पातेलं, साबण, पाण्यात टाकायचं क्लोरीनचं औषध, आणि बाळंतिणीसाठी शेंगदाणे, डाळ, गूळ. हे प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा इथं काम करणाऱ्या संस्थेला आधी विचारून पाठवा. त्यांना कधीकधी सामानाऐवजी रुग्णवाहिकेचं डिझेल हवं असतं. तेही द्या.

आणि एक मागणी सामानाची नाही. मेळघाटातल्या बाईच्या हातात बाटली येते ती बहुतेक वेळा ती कामावर गेलेली असते म्हणून. लेकरू आजीकडे किंवा आठ वर्षांच्या बहिणीकडे असतं. रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा जास्त लहान लेकरं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई मजुरी देऊन नेमायची, असं कायद्यात लिहिलेलं आहे. ग्रामपंचायतीनं या पावसाळ्याच्या पहिल्या हजेरीपटावर त्या बाईचं नाव घालावं, आणि घातलं नाही तर गावानं विचारावं. दिवाळीनंतर इथली कुटुंबं अचलपूर, अंजनगाव, दर्यापूर, अकोटकडे कामाला उतरतात. तिथल्या शेतमालकांनी आणि मुकादमांनी तान्ह्या लेकराच्या आईला दर दोन-अडीच तासांनी वीस मिनिटं सुटी द्यावी, बांधावर सावली करून द्यावी, प्यायला घागरभर पाणी ठेवावं. त्या वीस मिनिटांची मजुरी कापू नये, आणि हे काम ठरवतानाच, सगळ्यांसमोर, तोंडानं सांगावं, म्हणजे तिला दर वेळी विचारावं लागणार नाही.